खोपा कोणीं विणला?

मेहरूण म्हटलें कीं बाहेरगांवच्या मंडळींना बोरें आठवतात, आणि तें योग्यच आहे. संक्रांतीच्या बोरन्हाणाला मेहरूणच्या बोरांवांचून गोडी नाहीं असें मानणारीं घरें आमच्या ओळखीचीं पुष्कळ आहेत. पण बोरांचा हंगाम हिवाळ्यांतला. पावसाळ्यांत आम्हां म्हाताऱ्यांचें मेहरूण म्हणजे तलावाची पाळ. जळगांव शहर वाढतां वाढतां मेहरूणच्याही पलीकडे गेलें, तरी पहांटेच्या प्रहरीं त्या पाळीवर अजून मोटारींच्या शब्दापेक्षां पाखरांचा शब्दच वरचढ असतो.

गेल्या श्रावणांत एके सकाळीं आमची नात फिरावयास बरोबर होती. ती महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकते. पाण्यावर झुकलेल्या एका बाभळीला सुगरणीचे दहापंधरा खोपे लोंबत होते. ते पाहून आम्हांला साहजिकच बहिणाबाई आठवल्या, आणि आम्हीं आपलें जुनें प्रवचन सुरू केलें. पाहा, जळगांवाजवळच्या असोद्यांत जन्मलेल्या एका निरक्षर शेतकरीण बाईनें ह्या पाखराकडे पाहून केवढा अर्थ काढला! आपल्या पिलांसाठीं ही एवढीशी मादी काय घर विणते, आणि आपण माणसें, सगळे अवयव असून, काय करतों! नातीनें तें सगळें शांतपणें ऐकून घेतलें आणि मग बोट दाखवून ती म्हणाली, "आजोबा, पण विणतोय तो नर आहे. डोकं पिवळं आहे ना त्याचं? मादी ती बघा, वरच्या फांदीवर स्वस्थ बसली आहे."

आम्हीं चष्मा पुसून पाहिलें. खरोखरच पिवळ्या डोक्याचें पाखरूं उलटें लोंबकळून चोंचीनें दोरा ओवीत होतें, आणि एक साधें, चिमणीच्या रंगाचें पाखरूं वर बसून त्याची ती धडपड न्याहाळीत होतें. इतकीं वर्षें आम्ही ती कविता लोकांना समजावून सांगत आलों. पाखराकडे मात्र कधीं नीट पाहिलें नव्हतें.

घरीं येऊन पुस्तकें काढलीं, तों नातीचें म्हणणें शब्दशः खरें ठरलें. ह्या पाखराच्या संसाराचें कोडें उलगडणारे गृहस्थ आपल्या महाराष्ट्रांतलेच. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली हे १९३० च्या सुमारास नोकरी नसल्यामुळें अलिबागजवळच्या किहीम गांवीं राहत होते. तेथें सुगरणींच्या एका वसाहतीसमोर तासन्‌तास बसून त्यांनीं जें टिपलें तें १९३१ सालीं मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें, आणि त्या निबंधानें त्यांचें नांव झालें.

त्याचा सारांश वाचकांनीं ऐकण्यासारखा आहे. पावसाळा आला कीं नराला पिवळा रंग चढतो. उसाच्या, भाताच्या किंवा उंच गवताच्या पात्याला चोंचीनें खांच पाडून तो लांब दोरा सोलून काढतो, आणि शेंकडों खेपा करून फांदीला गांठी मारीत विणूं लागतो. घर अर्धें होऊन शिरस्त्राणासारखा आकार आला कीं तो थांबतो. मग माद्या येतात. नर पंख फडफडवून, कलकलाट करून आपलें अर्धें घर दाखवितो. मादी आंत शिरते, चहूंकडून तपासते, दोरे ओढून पाहते. पसंत पडलें तर राहते, न पडलें तर उडून जाते. पसंती मिळाल्यावर तो उरलेलें घर आणि खालीं लोंबणारी प्रवेशाची नळी पुरी करतो; आंतलें मऊ अस्तर मात्र ती घालते. अंडीं घालून झालीं कीं हे गृहस्थ शेजारींच दुसरें घर बांधावयास घेतात आणि दुसरीची वाट पाहूं लागतात. अंडीं उबविणें तिचें एकटीचें, पिलांना भरविणेंही बहुतेक तिचेंच. बाभळीवर जे अर्धवट खोपे लोंबतांना दिसतात, ते पुष्कळदां नापसंत ठरलेल्या वरांचे असतात.

हें आम्ही मोठ्यानें वाचीत होतों. घरांतून शेरा आला, "म्हणजे त्यांच्यांत मुलगी दाखवायची नसते, मुलानं घर दाखवायचं असतं. पाखरांना अक्कल आहे हो!"

शेरा विनोदाचा असला तरी त्यांत एक मर्म आहे. 'सुगरण' हा शब्द 'सुगृहिणी'पासून आला. पाखराचें कसब पाहून आपल्या लोकांना घरांतल्या कर्त्या बाईची आठवण झाली आणि त्यांनीं तिचें नांव पाखराला दिलें, हें गोडच आहे. पण नांव देतांना एक अदलाबदल झाली. नराचें विणकाम मादीच्या पदरांत पडलें. आणि मादीपाशीं जें खरोखर होतें, घर पारखण्याचा आणि नको असल्यास नाकारण्याचा अधिकार, तें नांवांतून गळून गेलें. भाषेनें तिला काम दिलें आणि निवड काढून घेतली.

ही एका पाखरापुरती चूक असती तर तिच्यावर पानें खर्च करण्याचें कारण नव्हतें. पण आपल्या वाङ्मयांत स्त्रीपुरुषांचीं जीं प्रतीकें रूढ झालीं आहेत त्यांच्याकडे ह्या दृष्टीनें पाहावें, म्हणजे हीच अदलाबदल ठिकठिकाणीं दिसूं लागते. लता आणि वृक्ष ही जोडी घ्या. स्त्री ही लता, पुरुष हा वृक्ष. ती त्याच्या आधारानें वाढावयाची, हें आपण मंगल कार्याच्या प्रत्येक भाषणांत ऐकतों. पण ज्या कालिदासाचा हवाला आपण देतों त्यानें काय लिहिलें आहे? शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत आम्रवृक्षाला बिलगलेली एक नवमालिका आहे. शकुंतलेनें तिचें नांव वनज्योत्स्ना ठेविलें आहे, आणि कवीनें तिला त्या आम्राची स्वयंवरवधू म्हटलें आहे. स्वयंवरवधू! म्हणजे वेलीनें झाड निवडलें आहे. आपण आधार तेवढा लक्षांत ठेविला, स्वयंवर विसरलों. (शकुंतलेनेंही आपला वर आपण निवडला, आणि तिच्या दुःखाचें मूळ तिच्या निवडींत नसून राजाच्या विस्मरणांत होतें. पण तो निराळा विषय.)

आमच्या खानदेशचेच बालकवि ठोंबरे घ्या. धरणगांवीं १८९० सालीं त्यांचा जन्म, आणि १९०७ च्या जळगांवच्या कविसंमेलनांत अवघ्या सतराव्या वर्षीं त्यांना 'बालकवि' ही पदवी मिळाली. त्यांच्या 'फुलराणी'च्या लग्नांत सृष्टींतलें सारें गणगोत कामाला लागलेलें असतें. नवरीनें मात्र लाजावयाचें तेवढें. कविता मोहक आहे, तिला नांवें ठेवण्याचें पातक आम्ही करणार नाहीं. नात एवढेंच म्हणाली कीं, बहुतेक फुलांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्हीं असतात, तेव्हां फुलाला राणीच कां म्हणावें? तिला आम्हीं गप्प बसविलें. सगळींच काव्यें सूक्ष्मदर्शकाखालीं घालून चालत नाहीं.

ह्याच्या उलट प्रकार पाहावयाचा तर चिऊ आणि काऊची गोष्ट पाहावी. प्रत्येक मराठी मूल पहिल्या घासाबरोबर ती ऐकतें. महानुभावांच्या 'लीळाचरित्रां'तही ती आहे, म्हणजे तिचें वय सात शतकांहून अधिक. तींत मेणाचें टिकाऊ घर बाईचें आहे, शेणाचें वाहून जाणारें घर पुरुषाचें आहे, आणि दार केव्हां उघडावयाचें हें बाई ठरविते. आज्यांनीं सांगितलेल्या गोष्टींत आणि पंडितांनीं लिहिलेल्या काव्यांत हा जो फरक पडतो, तो आम्हांला योगायोग वाटत नाहीं.

आतां सुगरणीकडे वळूं, कारण तिची कथा आपल्या समजुतीपेक्षां जुनी आहे. 'हितोपदेशां'तल्या विग्रहाच्या आरंभीं नर्मदेच्या, म्हणजे आमच्या सातपुड्यापलीकडच्याच, तीरावर एक शेवरीचें झाड आहे. पावसांत कुडकुडणाऱ्या वानरांना त्यावरचीं पाखरें म्हणतात कीं, आम्हीं केवळ चोंचीनें गवत आणून घरटीं बांधलीं, तुम्हांला तर हातपाय आहेत, मग असे भिजतां कां? वानरांना राग येतो. पाऊस थांबतांच ते घरटीं मोडतात, अंडीं खालीं टाकतात. तात्पर्य, मूर्खाला उपदेश करूं नये. 'पंचतंत्रा'च्या प्रचलित पाठांत हीच कथा निराळ्या रूपानें येते. तेथें शमीच्या झाडावर चिमण्यांचें जोडपें आहे, आणि उपदेश करणारी त्यांतली मादी आहे. वानराला राग उपदेशाचा येतो, आणि त्याहून अधिक, एका बाईनें पंडिताच्या तोऱ्यांत तो करावा ह्याचा येतो. तो तिला अर्वाच्य बोलतो आणि घरटें विसकटून टाकतो. नवरा जवळच बसलेला असतो. लहानपणीं संस्कृताच्या तासाला हें पाठ करतांना आमच्या मनांत कधीं आलें नाहीं कीं मार कोणाला बसला आणि कशासाठीं.

आतां बहिणाबाईंची कविता पुन्हां आठवा. चोंच विरुद्ध हात, हीच तुलना तिच्यांतही आहे. बाईंनीं हितोपदेश वाचला असण्याचा प्रश्नच नाहीं, त्यांना अक्षरओळखच नव्हती. कीर्तनांतून ती कथा कानांवर आली असेल, किंवा शेताच्या बांधावरच्या विहिरीपाशीं स्वतःलाच सुचली असेल. पण फरक पाहा. येथें पाखरूं उपदेश करीत नाहीं, काम करतें. बोलते ती बाई, आणि तिचें बोलणें ऐकून घेतल्यावर घरटें मोडावयाला कोणी वानर येत नाहीं. पंचतंत्रांतल्या त्या चिमणीचें अर्धवट राहिलेलें वाक्य असोद्याच्या ह्या लेकीनें पुरें केलें, असें आम्हांला वाटतें.

मग विणणारी मादी हें तिचें म्हणणें सृष्टीच्या दृष्टीनें चूक, त्याचें काय? नातीचा हाच प्रश्न होता. त्याचें उत्तर पक्षिशास्त्रांत नाहीं, बाईंच्या आयुष्यांत आहे. १८८० सालीं नागपंचमीच्या दिवशीं असोद्याच्या महाजनांच्या घरीं त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षीं जळगांवच्या चौधऱ्यांकडे लग्न होऊन आल्या. तिसाव्या वर्षीं पति वारले. पदरांत दोन मुलगे, एक मुलगी. समोर शेत, चूल आणि जातें. जात्यावर, निंदणीवर जें सुचे तें त्या गात. चिरंजीव सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी ह्यांनीं त्यांतलें कांहीं कागदावर उतरून घेतलें. ३ डिसेंबर १९५१ रोजीं त्या वारल्या, आणि १९५२ सालीं आचार्य अत्रे ह्यांच्या प्रस्तावनेसह गाण्यांचें पुस्तक निघालें. आज जळगांवच्या विद्यापीठाला त्यांचें नांव आहे. २०१८ सालीं तें देण्यांत आलें. पण स्वतःचें पुस्तक त्यांनीं पाहिलें नाहीं.

अशा बाईला घर कोण विणतें हें पाखराकडे पाहून ठरवावयाचें नव्हतें. तें तिला ठाऊक होतें. तिनें मादीला विणकर केलें तें कोणावर कर्तव्य लादण्यासाठीं नव्हे. तो तिनें आपल्या श्रमावर सांगितलेला हक्क होता. पुरुषाशिवाय उभें केलेलें घर हें घरच आहे, असें ती म्हणत होती. त्याच कवितेचा आधार घेऊन जेव्हां आम्ही पांढरपेशे गृहस्थ नव्या सुनेला 'सुगरण हो' असा आशीर्वाद देतों, तेव्हां शब्द तोच राहतो, पण हक्काची आज्ञा झालेली असते.

त्यांच्या आणखी एका कवितेकडे वाचकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें. ती वैधव्यावर आहे. कुंकू, बांगडी, मंगळसूत्र हीं आपल्या वाङ्मयांतलीं स्त्रीचीं सर्वांत बलवत्तर प्रतीकें. त्यांचें पुसणें, फुटणें, तुटणें म्हणजे कथेचा शेवट. बाई एकेक प्रतीक हातीं घेतात आणि त्याखालीं काय उरलें तें पाहतात. कुंकू पुसलें तर गोंदण आहे, बांगडी फुटली तर मनगटांतलें कर्तृत्व आहे, सूत्र तुटलें तरी गळ्याची आण आहे. जें दुसऱ्यानें घातलें तें दुसऱ्यानें काढून नेलें. जें अंगाचें आहे तें कोणाला नेतां येत नाहीं.

आपल्या वर्गाच्या वाङ्मयांत हें कां आलें नाहीं, असा प्रश्न मनांत येतो. आलें, पण निराळ्या रीतीनें. हरि नारायण आपटे हेही जन्मानें खानदेशचेच, पारोळ्याचे. १८९० सालीं निघालेल्या 'करमणूक' पत्रांतून आलेली त्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी आपल्या आज्यापणज्यांनीं डोळ्यांतलें पाणी पुसत वाचली. यमूचें केशवपन वाचून कोणाचें काळीज हललें नाहीं? आपट्यांचे उपकार मोठे आहेत. त्यांनीं घराघरांतलें दडपलेलें दुःख चव्हाट्यावर आणलें. पण यमू आपली कथा सांगते ती सोसणारी म्हणून. मनगटांत काय उरलें ह्याचा हिशेब मांडण्याची सवड त्या घरानें तिला दिलीच नव्हती.

तीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. आमच्या आजोबांची धाकटी बहीण, आम्ही तिला आत्याआजी म्हणत असूं, सोळाव्या वर्षीं परत आली ती आमच्याच घरीं राहिली. सारे नातेवाईक तिला सुगरण म्हणत. तिच्या हातचें पुरण, तिचे सांडगे, तिच्या मुरांब्याची तार, ह्यांची कीर्ति चार गांवांत होती. मुंजीला शंभर पान उठावयाचें असलें तरी तिला मापटें लागत नसे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आंब्याची डाळ आणि पन्हें तीच करी, आणि बायका यावयाच्या सुमारास मागच्या खोलींत जाऊन बसे. तिच्या सासरच्या शेताचा कागद घरच्या वडील मंडळींनीं एकदां करून आणला. तिला वाचतां येत होतें, पांडवप्रताप ती रोज वाची. कागद मात्र तिला वाचावयास कोणीं दिला नाहीं. सही कोठें करावयाची तेवढें दाखविलें. तिनें हातांवरचें पीठ पुसून सही केली आणि पुन्हां परातीशीं जाऊन बसली. आम्ही तेव्हां दहाबारा वर्षांचे असूं. त्या कागदावर पिठाचें एक बोट उमटलें होतें आणि कोणीतरी तें फुंकरीनें उडविलें, हें आम्हांला अजून दिसतें.

१९६१ सालीं 'मानिनी' चित्रपट निघाला. त्यांत बहिणाबाईंचीं गाणीं होतीं, आणि तीं रेडिओवर वारंवार लागत. एके दुपारीं खोप्याचें गाणें लागलें असतांना आम्हीं आत्याआजीला मोठ्या कौतुकानें म्हटलें, "आत्याआजी, हें तुझ्यावरच आहे!" ती शेवया वळीत होती. तिनें मान वर केली नाहीं. "माझ्यावर कसं रे?" ती म्हणाली, "तिनं विणलेलं घर तिचं तरी आहे."

आम्हांला त्या वयांत त्याचा अर्थ लागला नाहीं. मेहरूणच्या पाळीवर त्या श्रावणांत तो लागला. आत्याआजी जन्मभर विणीत राहिली. पारखण्याची आणि नाकारण्याची पाळी तिच्यावर एकदांही आली नाहीं. ती ज्या फांदीवर स्वस्थ बसून वरून न्याहाळूं शकली असती, ती फांदीच तिला आम्हीं दिली नव्हती. 'आम्हीं' हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. तेव्हां मुलगे होतों हें खरें. पण पुढें कर्ते झालों, आणि त्या कागदाची चौकशी कधीं केली नाहीं.

वाचकांपैकीं कोणी म्हणेल कीं, हें सारें जुनें झालें. आतां मुली शिकतात, नोकऱ्या करतात, स्वतः मुलगा पाहतात. खरें आहे. पण विवाहासाठीं जो माहितीचा कागद घरोघर तयार होतो, त्यांतले शब्द एकदां वाचून पाहावेत. आमच्याही घरीं नुकताच तो तयार झाला. सूनबाईंनीं मोठ्या मायेनें लिहिला: उंची, वर्ण, गोत्र, पत्रिका, शिक्षण, आणि त्याखालीं, 'सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष, सुगरण'. नातीला तो तपासावयास दिला होता. आम्हांला वाटलें, ती शेवटच्या शब्दावर काट मारील आणि घरांत वादावादी होईल. तसें झालें नाहीं. कागद परत आला तेव्हां तो शब्द जागच्या जागीं होता. त्याच्या पुढें पेन्सिलीनें बारीक अक्षरांत तिनें एवढेंच विचारलें होतें कीं, मुलाकडची मंडळी आपलें घर दाखवावयास केव्हां बोलावणार आहेत?